त्यांना अभिनय येत नाही, मग काम कसं मिळतं?

तुमच्या पत्रातलं म्हणणं मला कळलं ते असं. तुम्ही कळव्याचे, वय 27. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्र, एकांकिकांची चार-पाच बक्षिसं. मालिकेत मिळालेलं एकमेव बरं काम अकराव्या दिवशी हातातून गेलं. आणि रोज रात्री आठ वाजता आईबरोबर टीव्हीवर तुम्ही ज्यांना बघता, ते गृहस्थ गेली वीस वर्षं कधी बाप, कधी वकील, कधी डॉक्टर होऊन एकाच चेहऱ्याने वावरतायत. मुलगी पळून गेली तरी तोच चेहरा, नातू झाला तरी तोच. त्यांच्यावरचे मीम्स तुमच्या ग्रुपवर फिरतात. तुम्ही विचारता, हे सगळं ओळखीवर चालतं का? आणि तसं असेल तर तालमीत घातलेली सात वर्षं पाण्यात गेली का?

मी मालिकांची एपिसोड डायरेक्टर आहे. 2003 साली असिस्टंट म्हणून कंटिन्युइटीची वही (कुठल्या शॉटला कोणाच्या हातात काय होतं याची नोंद) हातात घेतली, तेव्हापासून याच धंद्यात आहे आणि गेली बरीच वर्षं ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या सेटवरच माझा दिवस उजाडतो. तुम्ही ज्यांचं नाव लिहिलंय त्यांच्याबरोबर मी काम केलेलं नाही, आणि केलं असतं तरी त्यांच्याबद्दल इथे बोलले नसते. पण त्यांच्याच जातकुळीतले एक जण माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. सेटवर त्यांना सगळे भाऊ म्हणतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी भाऊंवरून देते, म्हणजे हवेतलं बोलणं होणार नाही.

एक गोष्ट आधीच वेगळी करते. तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न बांधलेत. ते का टिकले, हा एक. तुम्ही का निघालात, हा दुसरा. तुमच्या मनात या दोघांची तराजूची दोन पारडी झालीयत, म्हणजे ते वर गेले म्हणून तुम्ही खाली आलात. तसं नाही. 27 वर्षांच्या मुलाची जागा साठीतला माणूस घेत नाही.

आता ओळखीचं. ओळख चालते, नाही कशाला म्हणू. पहिलं काम मिळेपर्यंत तर नक्कीच चालते. घरचंच कोणी निर्माता असेल तर दुसरं-तिसरंही मिळतं. रंग, उंची, भाषेची ठेवण हेही चालतं. कळव्याच्या चाळीतल्या सावळ्या मुलाला बंगल्यातला थोरला मुलगा म्हणून उभं करायचं म्हटलं की चॅनेलची माणसं कुरकुरतात, हे मी समोर बसून ऐकलंय. बायकांचं गणित तर आणखी वेगळं. तिशीत नायक झालेला नट पंचेचाळिशीतही नायकच असतो. त्याच्यासमोर नायिका म्हणून आलेली मुलगी पस्तिशी ओलांडली की जवळजवळ आपल्याच वयाच्या कोणाची तरी आई व्हायला लागते. जेमतेम अभिनयावर पंचवीस वर्षं काढायची सवलत मिळते ती मुख्यतः पुरुषांना. तुम्ही विचारलं नव्हतंत, पण हा विषय निघाला की हे कोणी बोलत नाही म्हणून सांगितलं.

तरी ओळखीवर वीस वर्षं निघत नाहीत. चित्रपटात निघतील एक वेळ. रोजच्या मालिकेत वशिल्याचा माणूस आठवड्याभरात उघडा पडतो, कारण तिथे हिशोब रोज होतो. तो हिशोब मांडून दाखवते.

अर्ध्या तासाच्या एपिसोडात जाहिराती वगळून साधारण 20 ते 22 मिनिटांचं चित्रण लागतं. आठवड्याला सहा एपिसोड, काही मालिकांचे सात. शिफ्ट बारा तासांची. त्यातून जेवण, लाइट बदलणं, साड्या बदलणं, जनरेटरचं रुसणं हे सगळं वजा करा. पावसाळ्यात आणखी एक भर: घोडबंदरचे कितीतरी सेट पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, जुलैत सर आली की साउंडवाला हेडफोन काढून कपाळाला हात लावतो आणि सगळं युनिट पावसाकडे बघत बसतं. हातात खरे तास उरतात सात. तासाला तीन मिनिटांचं पक्कं काम निघालं पाहिजे. आता एखाद्या नटामुळे सीनमागे दहा मिनिटं जास्त लागत असतील आणि त्याचे दिवसाला आठ सीन असतील, तर 80 मिनिटं गेली. सहा दिवसांचे आठ तास. म्हणजे कामाचा एक आख्खा दिवस एका माणसापायी गेला. त्यातून बँक घटते. बँक म्हणजे तयार होऊन पडलेले एपिसोड. ती एक-दोनवर आली की निर्मात्यापासून स्पॉटदादापर्यंत कोणाला झोप नसते.

भाऊंचा सीन पहिल्या नाहीतर दुसऱ्या टेकला ओके होतो. चांगला होतो असं मी म्हणत नाहीये. ओके होतो.

हे कसं होतं ते एकदा मी मुद्दाम बघत बसले. आमच्याकडे सीन कधी कधी शूटच्या वीस मिनिटं आधी मोबाइलवर येतो. बाकीचे फोनवरच वाचतात. भाऊ एक फुलस्केप वही उघडतात आणि आपली वाक्यं पेनाने उतरवून काढतात. समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द लाल शाईत. म्हणजे क्यू. मग एकदा हळू आवाजात वाचतात आणि वही मिटतात. बस. रिहर्सलला चहाचा कप ‘घराण्याची अब्रू’ या शब्दांवर उचलला असेल, तर मास्टरला, म्हणजे सगळ्यांना धरणाऱ्या लांबच्या शॉटला, त्याच शब्दांवर उचलणार, क्लोजअपला त्याच शब्दांवर, आणि लाइट गेले म्हणून दोन तासांनी पुन्हा लावलेल्या शॉटलाही त्याच शब्दांवर, त्याच हाताने. मार्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जागेवर, न बघता येऊन उभे राहतात. ‘भाऊ, थोडं चीट’, म्हणजे कॅमेऱ्याकडे जरा वळा, म्हटलं की खांदा जेवढा वळायला हवा तेवढाच वळतो. एडिटिंगला बसलेल्या मुलाला विचारा भाऊंबद्दल. तो त्यांना नटसम्राट म्हणेल. कुठल्याही टेकचा कुठलाही तुकडा कुठेही जोडा, जुळतोच.

याला अभिनय म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल. मी म्हणत नाही. पण कौशल्य आहे, आणि ज्यांच्याकडे अभिनय आहे त्यांच्यापैकी अनेकांकडे हे नसतं.

आता त्या दगडी चेहऱ्याकडे येऊ, कारण तुमचा खरा राग त्यावर आहे. आमच्या मालिकांची मांडणी तुम्हाला माहीतच आहे. एक जण वाक्य बोलतो, मग खोलीतल्या सात जणांचे चेहरे एकेक करून येतात, खाली ढॅण-ढॅण संगीत. त्या सात चेहऱ्यांत भाऊंचा एक. त्या क्षणी त्यांनी काय करावं अशी अपेक्षा आहे? सिनेमा शिकवणाऱ्या कुठल्याही संस्थेत पहिल्या वर्षाला एक प्रयोग सांगतात. रशियात 1920च्या आसपास लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने इव्हान मोझुखिन या नटाचा एक निर्विकार क्लोजअप घेतला आणि तोच एकदा सूपच्या वाटीला जोडला, एकदा शवपेटीतल्या मुलीला, एकदा पलंगावर रेललेल्या बाईला. बघणाऱ्यांना तो एकदा भुकेला दिसला, एकदा दुःखी, एकदा आसक्त. चेहरा एकच होता. (मोझुखिन स्वतः तिथला मोठा स्टार होता, त्याला येत नव्हतं म्हणून तसा चेहरा ठेवला असं नाही.) प्रेक्षक आपलं मन त्या चेहऱ्यावर पसरतो. भाऊंच्या चेहऱ्यावर पसरायला जागाच जागा आहे. तुमच्यासारखा मुलगा तिथे तीन सेकंदांत भुवया, ओठ, हनुवटी सगळ्यांना काम देतो, आणि मला तो तुकडा वापरता येत नाही, कारण त्यात तुम्ही आधीच सगळं ठरवून टाकलेलं असतं. शिवाय पुढच्या आठवड्यात फ्लॅशबॅकसाठी तोच तुकडा मला दुसऱ्या प्रसंगाला लावायचा असतो. होय, लावतो आम्ही. लक्षात येत नाही कोणाच्या.

आणखी एक, जे मला माझ्या आईमुळे कळलं. ती आठची मालिका बघते, म्हणजे मेथी निवडते आणि मालिका ऐकते. मान वर करते ती फक्त आवाज चढला की. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत हेच चालत असणार. जी गोष्ट निम्मी ऐकली जाते, तिच्यात डोळ्यांतला बारीक बदल कोण बघणार? तिथे स्वच्छ उच्चार लागतो, शब्दाचा शेवट न खाता. भाऊंचा ‘ठ’ ठणठणीत आणि ‘ळ’ खणखणीत. आईला न बघता कळतं की सासरे बोलले.

इथे ‘न बघता कळणं’ हा मुद्दा मोठा आहे, मालिकांपुरता नाही. हिंदी सिनेमात जगदीश राज यांनी 144 चित्रपटांत पोलीस अधिकारी केला, गिनीज बुकात नोंद झाली त्याची. ते कमी प्रतीचे नट होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण दिग्दर्शक पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे का जात असतील ते मला समजतं. ते दारात आले की पोलीस आले, हे सांगायला एक फूट फिल्मही खर्चावी लागत नसे. हॉलिवूडमधलं उदाहरण जॉनी वाइसमुलर. 1924 आणि 1928च्या ऑलिंपिकमध्ये मिळून पोहण्यात पाच सुवर्णपदकं घेतलेला गडी. 1932 ते 1948 बारा चित्रपटांत टारझन झाला. संवाद म्हणाल तर मोजके आणि तुटक. त्याला काय येतं ते बघून भूमिका बेतली: पळणं, पोहणं, झाडावरून झेपावणं आणि ती आरोळी. अंगावर चरबी चढल्यावर त्यालाच कपडे घालून ‘जंगल जिम’ म्हणून पुन्हा जंगलात सोडलं आणि तेही चाललं. माणूस तोच ठेवायचा आणि चौकट त्याच्या मापाची कापायची, हे पडद्याच्या धंद्यात पहिल्यापासून आहे. रंगभूमीवर हे इतकं जमत नाही, कारण तिथे अडीच तास सलग उभं राहावं लागतं आणि कात्री चालवायला कोणी नसतं.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगते. दहाएक वर्षांपूर्वी मला तुमच्याइतकाच राग यायचा. एका नव्या मालिकेत सासऱ्यांच्या भूमिकेला भाऊंचं नाव आलं, तेव्हा मी चॅनेलच्या मीटिंगमध्ये हट्ट धरला की यावेळी खरा नट घेऊ. प्रायोगिक नाटकांतले एक गृहस्थ सुचवले. फार मोठा नट, आजही माझं तेच मत आहे. पहिल्याच दिवशी मुलाचं पत्र वाचण्याचा सीन होता. त्यांनी चार टेक दिले, चारही वेगळे, चारही असे की कॅमेरामन सिगरेट विझवून उभा राहिला. एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं की एकाही टेकचा तुकडा दुसऱ्याला जुळत नाही. मास्टरला पत्र डाव्या हातात, क्लोजला उजव्या, तिसऱ्यात ते मध्येच खाली बसलेले. शेवटी आख्खा सीन लांबच्या मास्टरवर ठेवावा लागला आणि तो अभिनय घरोघरी अर्ध्या इंचाचा दिसला.

दुसऱ्या आठवड्यात एक वाक्य आलं, ‘माझ्या नजरेसमोरून चालती हो’. ते म्हणाले, हा माणूस असं बोलणार नाही, हा गप्प बसेल आणि चष्मा पुसेल. शंभर टक्के बरोबर होतं. लेखक डोंबिवलीला आपल्या घरी पुढचे दोन एपिसोड लिहीत बसलेला, त्याला फोन, त्याचा क्रिएटिव्हला, म्हणजे कथेवर देखरेख करणाऱ्या बाईला, फोन, तिचा चॅनेलला फोन. दीड तास गेला. लाइटदादांनी पत्त्यांचा डाव मांडला. शेवटी वाक्य तेच राहिलं, कारण प्रोमोत ते आधीच वाजून गेलं होतं. आणि तिसरी गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. त्यांच्यासमोर बाकीचे सगळे खोटे वाटायला लागले. कोरसमध्ये सगळे काळी चारच्या पट्टीत गात असताना एकाने पांढरी एकच्या पट्टीत कितीही सुरेल गायलं तरी ऐकणाऱ्याला आधी बेसूरपणाच जाणवतो. माझी नायिका दोनदा रडली मेकअप रूममध्ये.

सातव्या आठवड्यात त्यांना चित्रपट मिळाला, चाळीस दिवसांच्या तारखा. जायलाच हवं होतं त्यांनी, मीही गेले असते. आम्ही सासऱ्यांना काशीला पाठवलं. मग काशीहून फोन यायला लागले, आवाज डबिंगवाल्या मुलाचा. मग एके दिवशी फोटोला हार घातला. आणि तेराव्याला गावाहून त्यांचे धाकटे बंधू आले, ते भाऊ. पुढचे सातशे एपिसोड होते.

त्या नटाची यात काय चूक? काही नाही. ते प्रत्येक वेळी बरोबर होते. इतकं बरोबर असणं आमच्या वेळापत्रकाला परवडत नव्हतं, एवढंच. हे वेळापत्रक चांगलं आहे का, यावर मला विचाराल तर दुसरं तेवढंच लांब उत्तर लिहावं लागेल.

आता नशिबाचा वाटा, कारण तो सोडला तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. भाऊ ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. 2001 साली तो बंद व्हायच्या बेतात आला तेव्हा व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. गणपतीत कॉलनीच्या नाटकांत काम करायचे, तेवढाच अनुभव. पण वेळ बघा. मुंबई दूरदर्शन 1972 पासून होतं, तरी बहुतेक मराठी मालिका म्हणजे आठवड्याला एक भाग, तेरा भागांत खलास. 1999ला अल्फा मराठी हे चॅनेल आलं, 2000ला ईटीव्ही मराठी, आणि रोजच्या मालिकांचा रतीब सुरू झाला. एका रोजच्या मालिकेला पंधरा-वीस कायमचे चेहरे लागतात आणि ती चालली तर वर्षानुवर्षं लागतात. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली. एवढी माणसं आणायची कुठून? रंगभूमीवरच्या नामवंतांना महिन्याचे पंचवीस दिवस द्यायला वेळ नव्हता. भाऊंना वेळच वेळ होता. पुढे 2008ला स्टार प्रवाह आलं, मागणी आणखी वाढली. आणि त्याच सुमाराला गोरेगाव-मढकडची कामं हळूहळू घोडबंदरला सरकायला लागली. भाऊंचं घर वर्तकनगरला. काम चालत त्यांच्या दाराशी आलं. एखादा नट आयत्या वेळी आजारी पडला की दहाला फोन जायचा आणि पावणेअकराला भाऊ मेकअपच्या खुर्चीत. गाडीच्या डिकीत काळा कोट, पांढरा एप्रन, दोन झब्बे आणि तीन प्रकारचे चष्मे कायम. हे 2001 ऐवजी 2021 असतं तर जमलं असतं का? मला शंका आहे.

पण नशीब दारात आल्यावर ते ओळखणं हेही आहेच. एप्रिल 2021 मध्ये कोरोनामुळे राज्यात शूटिंग बंद झालं तेव्हा कितीतरी मराठी मालिका रातोरात गोव्याला गेल्या. आम्ही रात्री अकरा वाजता सगळ्यांना फोन लावत होतो. बायोबबल, म्हणजे युनिटबाहेर कोणाला भेटायचं नाही, परत कधी ते माहीत नाही, खोली दोघांत एक. गुणी मंडळींचे प्रश्न रास्तच होते, घरी म्हातारे आहेत, लस झालेली नाही, करारात हे नव्हतं. भाऊंनी एकच प्रश्न विचारला: ‘ताई, कपडे किती दिवसांचे घेऊ?’ मेच्या सुरुवातीला गोव्यानेही परवानगी काढून घेतली, मग पुन्हा बाडबिस्तरा दुसरीकडे. भाऊ वही घेऊन बसमध्ये. त्या दोन महिन्यांत कथेतली सगळी महत्त्वाची वाक्यं आपोआप त्यांच्या तोंडी गेली, कारण तोंड तेवढंच हजर होतं.

इथे एक सावधगिरी. हे वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे अभिनय नसला आणि वक्तशीरपणा असला की झालं. तर नाही. 2003 च्या माझ्या पहिल्या मालिकेत भाऊंसारखेच, त्यांच्याइतकंच येणारे आणि न येणारे निदान डझनभर तरी होते. त्यातले आज एक भाऊच दिसतात. एकाने इस्टेट एजन्सी काढली, एक जण गावी गेले, बाकीच्यांचा पत्ता नाही. पुरात लव्हाळी वाचतात म्हणतात. वाहून गेलेली लव्हाळी मोजायला कोणी जात नाही. तुम्हाला पडद्यावर उरलेला एक दिसतो आणि तुम्ही त्याच्यावरून नियम काढता. कमी अभिनय हे त्यांच्या टिकण्याचं कारण नाहीच. तो असूनही त्यांना काढायला वीस वर्षांत कोणाला निमित्त सापडलं नाही, असं म्हणा फार तर.

आणि त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. त्यांचा पर डे, म्हणजे दिवसाचं मानधन, इतक्या वर्षांत मुंगीच्या पावलांनी वाढला. महाग झाले नाहीत, म्हणून कापायच्या यादीत कधी वर आले नाहीत, पण म्हणून महागही होता आलं नाही. मानधन इतरांसारखंच तीन महिन्यांनी येणार, मालिका अचानक बंद झाली तर मधले महिने व्हीआरएसच्या व्याजावर. त्यांच्यासाठी कोणी भूमिका लिहिली नाही. दोन वर्षांपूर्वी कथेत त्यांची मुलगी अपघातात जाते असा ट्रॅक आला. शवागारासमोरचा सीन. मी चार टेक घेतले, माझ्या पद्धतीबाहेर जाऊन समजावलं, त्यांच्या आईचं विचारलं, शांत बसू दिलं. काही येईना. पाचव्या वेळी तेच म्हणाले, ‘ताई, पाठीवरून घ्या.’ कॅमेरा मागे नेला. लांब कॉरिडॉर, पाठमोरे भाऊ, हातातली पिशवी. सांगितलं, फक्त पिशवी खाली ठेवा आणि उभे राहा. तसे राहिले. त्यावर संगीत चढलं. एपिसोड गेला त्या रात्री लोकांनी लिहिलं की बापाचं दुःख असं कोणी दाखवलं नव्हतं. जांभळी नाक्यावर भाजीवालीने त्यांच्याकडून कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत, वर डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी कौतुक केलं तर म्हणाले, ‘त्या सीनमध्ये मी नव्हतोच हो. पाठ होती.’

हे वाक्य मी विसरत नाही. आपल्याला काय येत नाही ते या माणसाला नेमकं माहीत आहे, आणि ते वेळेवर सांगायची लाज नाही. मीम्स तेही बघतात. मला पाठवतात.

आता तुमचं. तालमीत गेलेली सात वर्षं वाया गेलेली नाहीत, पण ती वेगळ्या मापाची आहेत. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला तुम्ही शिकलात. कॅमेरा दोन हातांवर असतो. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर लावा, एखादं साधं वाक्य बोलून बघा, मग तेच निम्मं करून बघा, मग त्याच्याही निम्मं. जिथे तुम्हाला स्वतःला ‘आता काहीच करत नाहीये’ असं वाटतं, तिथे आमच्यासाठी नुकती सुरुवात झालेली असते. एकच हालचाल एकाच शब्दावर दहा वेळा करता येते का बघा. कंटाळवाणं आहे, तबल्याच्या कायद्यासारखं. भाऊंचा चेहरा घेऊ नका, तो तुम्हाला शोभणार नाही आणि तुमच्या वयाला परवडणारही नाही. त्यांना बापाच्या भूमिकेत स्थिर राहणं पुरतं, तुम्हाला नायकाचा मित्र म्हणून तीन वाक्यांत लक्षात राहावं लागतं. त्यांची सकाळ मात्र जशीच्या तशी घ्या.

वाक्याबद्दल तुम्ही सेटवर हुज्जत घातलीत असं तुम्हीच लिहिलंय. सूचना जरूर करा, पण रिहर्सलच्या आधी, हळूच, आणि दिवसाला एकच. टेकच्या वेळी केलेली बरोबर सूचनाही आम्हाला चुकीचीच ऐकू येते. आणि नाटक सोडू नका. प्रयोगाच्या दिवशी सहाला सोडायची अट आधीच कागदावर घ्या. मागणारे मागतात आणि मिळतेही. मालिकेत तुमचं जे उपाशी राहील त्याला कुठेतरी जेवायला घालायला हवं, नाहीतर पाच वर्षांनी तुम्ही कडवट व्हाल, आणि कडवट माणूस क्लोजअपमध्ये लपत नाही. मला ते भाऊंच्या दगडी चेहऱ्यापेक्षा जास्त वेळा काढून टाकावं लागतं.

तरी सगळं तुमच्या स्वभावावर आहे. रोज तेच करताना ज्यांचा जीव घुसमटतो अशी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांनी वेळेवर निघून नाटक किंवा वेब सिरीजमध्ये चांगलं काम केलं. तिथे वेळ जास्त मिळतो, वेगवेगळे चार टेक मागूनही घेतात. मी सुचवलेल्या त्या गृहस्थांचंही तेच झालं. तुम्ही त्यातले असाल तर हा धंदा तुमच्यासाठी फक्त घरभाडं आहे, आणि तसा तो बघायला हरकत नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर मात्र अवघड आहे.

राहता राहिलं ते अकराव्या दिवशी काढण्याचं. ‘चॅनेलला लूक आवडला नाही’ हे कोऑर्डिनेटरचं ठरलेलं वाक्य आहे, त्याखाली काहीही दडलेलं असू शकतं. खरंच लूक असेल. ट्रॅकच कापला असेल. तुम्हाला कारण हवं असेल तर निर्मितीवाल्यांना विचारू नका, सेकंड असिस्टंटला चहा पाजून विचारा, त्याच्याकडे कॉलशीट, म्हणजे कोणाला कधी बोलावलं त्याचा कागद, असते. पण दोनदा उशीर झाला, कळव्याहून ट्रॅफिक होतं, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, तिथे मी थांबले. सातचा कॉल असेल तर माजिवडा सहाच्या आत ओलांडलेलं बरं. पुढे कापूरबावडी ते कासारवडवली काय होईल ते कोणी सांगू शकत नाही, गायमुख घाटात एखादा ट्रेलर बंद पडला की संपलंच. लवकर पोचलात तर भाऊ असतातच तिथे, मेकअप रूमच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. वही बघायला मागा. दाखवतात.